प्राणायाम, अश्वगंधा आणि वडिलांच्या गोळ्या: संशोधन नेमकं काय सांगतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६३ वर्षांचे. आठ महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, एक स्टेंट बसवला. तेव्हापासून ते रोज सकाळी प्राणायाम आणि ध्यान करतात, अश्वगंधाची कॅप्सूल घेतात आणि घशासाठी ज्येष्ठमधाचा काढा पितात. वरचा रक्तदाब १४५ वरून १२८ वर आलाय, झोप सुधारली, चिडचिड कमी झाली. आता ते म्हणतात, "हे सगळं संशोधनाने सिद्ध झालंय, गोळ्या बंद करू." तुम्ही विचारताय की यात खरं किती.

हृदयरुग्णांच्या पुनर्वसनात माझी बरीच वर्षं गेली. श्वसन आणि शिथिलीकरण मी स्वतः रुग्णांना शिकवतो, त्यामुळे या विषयाबद्दल मला मनापासून आस्था आहे. म्हणूनच उत्तर थोडं लांबवतोय.

आधी तातडीचं. गोळ्या बंद करायच्या नाहीत. ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर असेल तर ती एक दिवसही चुकवायची नाही. अटॅकनंतर पहिलं वर्षभर या दोन गोळ्या सहसा एकत्र चालतात, कारण स्टेंटच्या जाळीवर प्लेटलेट्स चिकटून गुठळी होण्याची भीती याच काळात जास्त असते. ध्यानाने मन कितीही शांत झालं तरी ही गुठळी अडत नाही. मेटोप्रोलॉलसारखी ठोके मंद ठेवणारी गोळी एकदम सोडली तर ठोके आणि दाब दोन्ही उसळी मारतात, छातीत दुखायला लागू शकतं. गोळी कमी करायचीच झाली तर ती डॉक्टरांनी, टप्प्याटप्प्याने, रक्तदाबाची वही समोर ठेवून करायची.

आता संशोधन. वडिलांना जे जाणवतंय ते खोटं नाही. संथ श्वासाचा हृदयावर होणारा परिणाम हा या सगळ्या क्षेत्रातला सगळ्यात भक्कम भाग आहे आणि तो डोळ्यांनी बघता येतो. रुग्णाच्या बोटाला क्लिप लावून ठोक्यांच्या वेगाची रेघ मी पडद्यावर दाखवतो. नेहमीसारखा मिनिटाला पंधरा-सोळा वेळा श्वास चालू असतो तेव्हा ती रेघ बारीक बारीक थरथरत असते. श्वास मिनिटाला सहावर आणायला सांगितला की दोन-तीन मिनिटांत तिच्यात मोठ्या लाटा उठतात. श्वास आत घेताना ठोके वाढतात, सोडताना मंदावतात. मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी बघितली तरी निरोगी तरुण माणसाला हा फरक कळतो. वडिलांच्या बाबतीत लाटा लहान दिसतील. वय, झालेला अटॅक, मधुमेह असेल तर तो, या सगळ्यांनी त्या दबतात. तरी त्या दिसतात, आणि रुग्णाचा चेहरा बघण्यासारखा होतो. आपल्या श्वासाने आपलं हृदय हलतंय हे त्याला पहिल्यांदाच दिसत असतं.

हे का घडतं? मानेतल्या मुख्य धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब मोजणारी चेतातंतूंची टोकं असतात. दाब वाढला की ती मेंदूच्या बुडाशी असलेल्या केंद्राला कळवतात. मग मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस नर्व्ह ठोके मंद करते आणि रक्तवाहिन्या आवळणारी अनुकंपी यंत्रणा हात सैल सोडते. संदेश जाऊन, परिणाम होऊन, पुन्हा संदेश येईपर्यंत साधारण दहा सेकंद लागतात. मिनिटाला सहा श्वास म्हणजे दर दहा सेकंदांनी एक. श्वासाची लय आणि या यंत्रणेची लय जुळली की दाबाचं नियमन जास्त चोख होतं. २००१ मध्ये लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २३ निरोगी लोकांवरचा अभ्यास छापला. लॅटिनमधली मारियाची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे' हा मंत्र, दोन्हींच्या पठणात श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि दाब-नियमनाची संवेदनशीलता वाढली. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, छातीत घडलं ते एकच. मला हा अभ्यास फार आवडतो, कारण 'कोणती पद्धत श्रेष्ठ' या वादातली बरीच हवा तो काढून घेतो.

पण हा त्या दहा-पंधरा मिनिटांतला परिणाम. दिवसभराचा दाब उतरतो का, आणि पुढे अटॅक टळतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लेखांमध्ये, व्हिडिओंमध्ये हे तिन्ही सर्रास एकत्र कालवलेले असतात.

दिवसभराच्या दाबाबद्दलचा एक जुना प्रयोग मी प्रत्येकाला सांगतो. इंग्लंडमधल्या डॉ. चंद्रा पटेल यांनी १९७३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात योगाचं शिथिलीकरण आणि बायोफीडबॅक (शरीरातले बदल यंत्रावर बघत ते आवरायला शिकणं) वापरून उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर केलेलं काम छापलं. निकाल उत्तम होते, पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. १९७५ मध्ये त्यांनी ३४ रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. एका गटाला सहा आठवडे पद्धतशीर शिकवलं. दुसऱ्या गटालाही बोलावलं, पण नुसती विश्रांती दिली, तंत्र काही शिकवलं नाही. शिकलेल्यांचा सरासरी दाब १६८/१०० वरून १४१/८४ वर आला. नुसती विश्रांती घेतलेल्यांचा १६९/१०१ वरून १६०/९६ वर. नंतर त्या दुसऱ्या गटाला शिकवलं, तेव्हा त्यांचाही दाब पहिल्या गटाइतका खाली आला.

यातला माझ्या मते सगळ्यात मोलाचा आकडा दुसऱ्या गटाचा आहे. काही न शिकवता वरचा दाब ९ ने उतरला. दवाखान्याची सवय झाली, भीती गेली, कुणीतरी वेळ देऊन विचारपूस केली, आणि मुळात दाब खूप वाढलेला असतानाच लोक दाखवायला येतात म्हणून पुढच्या मोजणीत तो जरा कमी भरतोच. हा ९ चा आकडा मोजलाच नसता तर सगळं श्रेय योगाला गेलं असतं. म्हणून ध्यान असो, जडीबुटी असो, की नवी महागडी गोळी, कुठलंही संशोधन समोर आलं की मी पहिल्यांदा विचारतो: तुलना कशाशी केली? 'आधी' आणि 'नंतर' एवढंच दिलं असेल तर त्या अभ्यासातून फार काही ठरत नाही.

वडिलांचं १४५ वरून १२८ हेही असंच 'आधी आणि नंतर' आहे. याच आठ महिन्यांत त्यांच्या दाबाच्या गोळ्या सुरू झाल्या, बहुधा मीठ कमी झालं, चालणं वाढलं. दाब उतरवण्यात गोळीचा वाटा किती आणि श्वासाचा किती, हे घरी बसून वेगळं काढता येत नाही. मोठ्या तुलनात्मक अभ्यासांचा कल बघितला तर ध्यान-श्वसनाने वरचा दाब सरासरी थोडक्या अंकांनी उतरतो. पटेल यांच्या इतका मोठा उतार पुढच्या अभ्यासांत नेहमी दिसलेला नाही. श्वास संथ करायला शिकवणारी यंत्रंही बाजारात आली. त्यांच्या चाचण्या २०१२ मध्ये एकत्र तपासल्या तेव्हा दाब थोडा उतरलेला दिसला, पण उत्पादकाच्या पैशाने झालेल्या चाचण्या बाजूला काढल्यावर तो फायदा उरला नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये ध्यानाबद्दल निवेदन काढलं. त्याचा सारांश असा की ध्यानाचा फायदा होऊ शकतो, धोका कमी, म्हणून नेहमीच्या उपचारांच्या जोडीला करायला हरकत नाही. जोडीला, हा शब्द वडिलांना दाखवा.

मग अटॅक टळतो का? तुमच्या वडिलांसारख्याच रुग्णांवर झालेली एक मोठी चाचणी आहे, योगा-केअर. भारतातल्या २४ केंद्रांत, नुकताच हार्ट अटॅक आलेले ३,९५९ रुग्ण. अर्ध्यांना योगावर आधारित पुनर्वसनाची १३ सत्रं, अर्ध्यांना नेहमीचे उपचार आणि माहितीची सत्रं. डॉ. दोराईराज प्रभाकरन, डॉ. संजय किनरा आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये निकाल छापले. साधारण २२ महिन्यांच्या पाठपुराव्यात मृत्यू, पुन्हा अटॅक, पक्षाघात किंवा तातडीने दाखल व्हावं लागणं, या घटना योगाच्या गटात ६.७ टक्के आणि दुसऱ्या गटात ७.४ टक्के. फरक योगाच्या बाजूने आहे, पण इतका लहान की तो योगायोगानेही पडू शकतो. जीवनमान आणि पूर्वीच्या कामांकडे परतणं मात्र योगाच्या गटात खात्रीने सरस होतं. शिवाय, दोन्ही गटांतल्या लोकांचे औषधोपचार चालू होते. गोळ्या सोडून योग, अशी ती चाचणी नव्हतीच.

याच चाचणीतून एक वाक्य फार फिरतं: दहा किंवा जास्त सत्रांना हजर राहिलेल्यांमध्ये घटना कमी होत्या. ते खरं आहे. पण जो माणूस नेमाने सत्राला येतो तो गोळ्याही नेमाने घेतो, सिगारेटही सोडतो, आणि मुळात येण्याइतका धडधाकटही असतो. चिठ्ठ्यांनी केलेली वाटणी इथे मोडते. त्यामुळे या निष्कर्षाकडे मी आशेने बघतो, त्यावर निर्णय घेत नाही.

मेंदूकडे वळतो. 'आठ आठवडे ध्यान करा, मेंदू बदलेल' हे वाक्य बऱ्याच अंशी २०११ च्या एका अभ्यासावरून आलं. त्यात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये सुरू केलेला आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा (सजगतेच्या ध्यानाचा) कार्यक्रम केलेले १६ जण होते आणि तुलनेला १७ जण. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये करड्या द्रव्याची घनता वाढलेली दिसली. पुढे २०२२ मध्ये रिचर्ड डेव्हिडसन यांच्या गटाने दोनशेहून जास्त लोकांवर, दुसऱ्या एका आरोग्य-कार्यक्रमाशीही तुलना करून, तसंच मोजमाप केलं. रचनेत असा बदल आढळला नाही. डेव्हिडसन हे आयुष्यभर ध्यानावरच संशोधन करणारे. त्यांनी स्वतःच्या आवडीच्या विषयाविरुद्ध जाणारा निकाल छापला, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

पण मेंदूचा आकार बदलला नाही म्हणून माणसाला बरं वाटलं नाही, असं होत नाही. चिंताविकार असलेल्या २७६ जणांवर एलिझाबेथ होज यांच्या गटाने त्याच आठ आठवड्यांच्या कार्यक्रमाची एस्सिटॅलोप्रॅम या प्रचलित गोळीशी थेट तुलना केली, निकाल २०२२ च्या अखेरीस आले. चिंता कमी करण्यात कार्यक्रम गोळीच्या तोडीस तोड ठरला आणि त्रासदायक परिणाम कितीतरी कमी होते. ही तुलना तगडी आहे, कारण समोर खरं औषध होतं. वडिलांची झोप आणि चिडचिड सुधारली यात ध्यानाचा वाटा असणं मला अगदी शक्य वाटतं.

मन आणि हृदय यांच्यातली वाटही आता बरीच दिसू लागली आहे. २०१७ मध्ये अहमद तवाकोल यांनी लॅन्सेटमध्ये २९३ लोकांचे स्कॅन आणि पुढची वर्षं तपासून दाखवलं की भीती-ताण हाताळणारा अमिग्डाला ज्यांच्यात जास्त सक्रिय, त्यांच्यात अस्थिमज्जाही जास्त सक्रिय, धमन्यांत दाह जास्त आणि पुढे हृदयविकाराच्या घटनाही जास्त. म्हणजे ताणामुळे पांढऱ्या पेशी जास्त तयार होतात आणि धमनीतला दाह वाढतो, अशी एक साखळी असू शकते. तरी साखळी दिसली म्हणून ती कुठूनही ओढली की काम झालं, असं नाही. एनरिच्ड या चाचणीत अटॅकनंतर नैराश्य किंवा एकटेपणा असलेल्या २,४८१ रुग्णांपैकी निम्म्यांना मानसोपचार दिले, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. मन सुधारलं, पण मृत्यू आणि पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखं राहिलं. नैराश्यावर उपचार करायचे ते नैराश्य दूर व्हावं म्हणून, तेवढं कारण पुरेसं आहे.

एक सावधगिरी श्वासाबद्दलच. संथ श्वास आणि जोरकस, भराभर श्वास यांची कामं उलट आहेत. भस्त्रिका, कपालभाती किंवा हल्ली शिकवली जाणारी दीर्घ हायपरव्हेंटिलेशनची तंत्रं यांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटू शकतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर आणि मुंग्या येतात, ॲड्रेनॅलिन वाढतं. काहींना ती झिंग आवडते. अटॅकला आठ महिने झालेल्या माणसाने हे प्रकार आणि दीर्घ कुंभक (श्वास रोखून धरणं) डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. वडील 'प्राणायाम' म्हणून नेमकं काय करतात, ते एकदा शेजारी बसून बघा.

आता पदार्थ. इथे माझा सूर जरा कडक होतो, कारण जी वनस्पती खरोखर काम करते ती औषधच असते आणि औषधासारखीच अंगावर येऊ शकते. सर्पगंधेची गोष्ट बघा. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये ५० रुग्णांवरचा सर्पगंधेचा अनुभव छापला आणि जगाला रक्तदाबावरचं एक प्रभावी औषध मिळालं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. ते चेतापेशींतला नॉरॲड्रेनॅलिन, डोपामिन आणि सेरोटोनिनचा साठाच रिकामा करतं. त्यामुळे दाब उतरतो, पण तीच रसायनं मेंदूतही असतात. काही रुग्णांना गाढ उदासी आल्याच्या नोंदी झाल्या, त्यात गोळीचा दोष किती यावर आजही वाद आहे, आणि नैराश्यामागच्या मेंदूरसायनांचा विचार त्यातून पुढे सरकला. १९५७ मध्ये आर्विड कार्लसन यांनी रेसरपिनने निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा (शरीरात ज्याचं डोपामिन होतं ते रसायन) दिलं, ते पुन्हा हलू लागले. पार्किन्सनच्या उपचारांकडे जाणारी वाट तिथून निघते. एकाच मुळीने हृदय आणि मेंदू दोन्ही हलवले. नैसर्गिक म्हणून ती सौम्य नव्हती.

ज्येष्ठमध हा तुमच्या प्रश्नातला खरा धोका आहे आणि नेमकं त्याच्याबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही. त्यातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातलं एक एन्झाइम अडवतं. हे एन्झाइम एरवी कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाला तिथे निष्प्रभ करत असतं. ते थांबलं की कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉन या मीठ धरून ठेवणाऱ्या संप्रेरकासारखं वागू लागतं. मीठ-पाणी शरीरात अडतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं, दाब चढतो. स्वीडनमध्ये २०२४ मध्ये छापलेल्या चाचणीत २८ निरोगी लोकांना रोज १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिक ॲसिड दिलं, दोन आठवड्यांत वरचा दाब सरासरी ३ ने वाढला. म्हणजे ध्यानाने जेवढं कमावलं तेवढं यात गेलं. आणि पोटॅशियम घटलं तर अटॅकने व्रण पडलेल्या हृदयात ठोक्यांची लय बिघडू शकते. दाब का आटोक्यात येत नाही म्हणून गोळ्या वाढवत न्याव्यात आणि शेवटी खिशातून ज्येष्ठमधाच्या कांड्या निघाव्यात, असे रुग्ण मी पाहिलेत. काढा आजच थांबवा आणि पुढच्या रक्ततपासणीत पोटॅशियम बघायला सांगा.

अश्वगंधाबद्दल लहान चाचण्यांमध्ये ताणाचे गुण आणि कॉर्टिसॉल कमी झालेलं दिसतं. चाचण्या छोट्या, काळ थोडा, आणि हृदयरुग्णांमध्ये अटॅक टळतात का हे त्यांतून ठरत नाही. दुसऱ्या पारड्यात यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि थायरॉइडचं संप्रेरक वाढण्याची शक्यता आहे. अटॅकनंतर थायरॉइड वाढलेला कुणालाच परवडत नाही. वडील स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) घेत असतील, तर यकृताच्या तपासणीत काही बिघडलं की दोष कुणाचा तेही कळणार नाही. मी माझ्या रुग्णांना ती बंद करायला सांगतो. उदासीवर घेतला जाणारा सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीचा अर्कही याच यादीत टाका. तो शरीरातली औषधं मोडणारी आणि बाहेर टाकणारी यंत्रणा जोरात चालू करतो, आणि टिकाग्रेलॉर, वॉर्फरिन, डिगॉक्सिन अशा औषधांची रक्तातली पातळी खाली जाते. स्मृतीसाठी गिंको ही वनस्पती घेण्याचा विचार असेल तर तीन हजारांहून जास्त ज्येष्ठांवरच्या २००८ मधल्या चाचणीत त्याने स्मृतिभ्रंश टळला नाही.

कॉफीला मात्र लोक विनाकारण घाबरतात. २०२३ मध्ये छापलेल्या एका चाचणीत १०० जणांना दिवस आलटूनपालटून कॉफी पिऊ दिली आणि टाळायला लावली. हृदयाच्या वरच्या कप्प्यातले जादा ठोके फारसे वाढले नाहीत, खालच्या कप्प्यातले सुमारे दीडपट झाले, लोक दिवसाला हजारभर पावलं जास्त चालले आणि रात्री अर्ध्या तासाहून जास्त कमी झोपले. वडिलांना सकाळी एक-दोन कप चालतील, संध्याकाळी नको. दारूचं तसं नाही. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडणं) असलेल्या १४० जणांच्या २०२० च्या चाचणीत दारू सोडलेल्यांपैकी ५३ टक्क्यांना तो त्रास पुन्हा झाला, चालू ठेवलेल्यांपैकी ७३ टक्क्यांना. आणि गांजा 'नैसर्गिक शिथिलीकरण' म्हणून कुणी सुचवला तर स्पष्ट नाही म्हणा. तो ठोके वाढवतो, आणि २००१ च्या एका अभ्यासात ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात अटॅकचा धोका सुमारे पाचपट दिसला होता.

वडिलांशी बोलताना त्यांचा प्राणायाम हिसकावून घेऊ नका. त्यांनी आठ महिने नेम पाळलाय, माझ्या अनुभवात ते फार थोड्यांना जमतं. बसून, नाकाने, पाच सेकंद श्वास आत आणि पाच सेकंद बाहेर, न रोखता, दहा-पंधरा मिनिटं. डोकं हलकं झालं तर श्वास फार खोल चाललाय असं समजून तो उथळ करायचा. छातीत दाब, धाप किंवा घाम आला तर तिथेच थांबून तातडीने दवाखाना गाठायचा.

दाब मोजायचा तो प्राणायामाच्या आधी. बहुतेकजण ध्यान संपल्या संपल्या मोजतात आणि दिवसातला सगळ्यात कमी आकडा वहीत लिहितात. वडिलांचा १२८ तसाच आलेला असू शकतो. पाच मिनिटं शांत बसून, पट्टा हृदयाच्या पातळीला, सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा, सलग सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. ती वही, सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, अश्वगंधाची बाटली आणि काढ्याचं पाकीट एकाच पिशवीत घालून पुढच्या भेटीला डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा, आणि वडिलांनाच विचारू द्या की यातली कुठली गोळी कधी कमी करता येईल.